सोन्याचें नाणें आणि विश्वास

काटकसरीनें शिल्लक टाकलेला पैसा कोठें ठेवावा, हा प्रश्न वरकरणी केवळ व्यवहाराचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं नीतीचाहि एक प्रश्न आहे. सरकारी टांकसाळींत पाडलेलीं सोन्याचीं नाणीं घेऊन ठेवण्याची प्रवृत्ति पुष्कळ देशांत आढळते. तिच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

या प्रवृत्तीचें समर्थन सोपें आहे. नोट म्हणजे सरकारचें वचन. नोटा वाटेल तितक्या छापतां येतात, सोनें छापतां येत नाहीं. दक्षिण आफ्रिकेनें १९६७ सालीं काढलेल्या क्रुगररँड या नाण्यावर तर किंमतीचा आंकडाच नाहीं. आंत एक औंस, म्हणजे सुमारें ३१.१ ग्रॅम, शुद्ध सोनें आहे, एवढेंच तें सांगतें. असें नाणें कोणाच्याहि शब्दावर अवलंबून नाहीं, अशी घेणाराची समजूत असते.

मग तो बाजारांतील साधा तुकडा कां घेत नाहीं? कारण कस कोणी पाहिला व वजन कोणी केलें, याची त्याला हमी हवी असते. ज्या सरकारी नोटेवर त्याचा भरंवसा नाहीं, तिच्याऐवजीं तो सरकारी मुद्रेवरच विसंबतो! अविश्वासापोटीं घेतलेली वस्तुहि विश्वासावांचून घेतां येत नाहीं.

शिवाय सोनें कायद्याच्या कक्षेबाहेर नेतां येत नाहीं. ५ एप्रिल १९३३ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं लोकांस आपलें बहुतेक सोनें औंसास २०.६७ डॉलर दरानें जमा करण्याचा हुकूम दिला. पुढच्याच वर्षीं सरकारनें तोच दर ३५ डॉलर ठरविला. आपल्याकडेहि १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्यानें खाजगी माणसास सोन्याच्या लगडी बाळगण्याची मनाई केली होती. तो कायदा १९९० सालीं रद्द झाला.

तर सोनें घेऊंच नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. आजारपणासाठीं वा मुलांच्या शिक्षणासाठीं चार नाणीं ठेवणारा गृहस्थ दोषी नव्हे. पुतळ्यांच्या माळेनें आपल्याकडील किती तरी संसार अडचणींत तारले आहेत. दोष उत्पन्न होतो तो सावधगिरीचें रूपांतर अलिप्ततेंत झालें म्हणजे. सर्व बुडाले तरी मी तरेन, या हिशेबानें जो सोनें सांठवितो, त्याचा नफा इतरांच्या विपत्तींत असतो. आणि ज्यांत आपला नफा, त्याची माणूस नकळत वाट पाहूं लागतो. खेरीज, सर्व बुडाल्यावर त्या नाण्याच्या बदल्यांत धान्य देणारा वाणी कोठून यावयाचा?

म्हणून सोनें ठेवणाऱ्यानें कर चुकवूं नये, आपल्या पतपेढीच्या सभेस जावें, सरकारास खर्चाचा हिशेब विचारावा. ज्या विश्वासावर त्याच्या नाण्याची मुद्रा चालते, तो राखण्याचें काम त्याच्याकडेहि आहे.