नांव कोणाचें?

भीमेच्या खोऱ्यांतील वढू बुद्रुकसारख्या गांवीं पाटील वा कुलकर्णी हें आडनांव ऐकूं आलें, तर त्यामागें कांहीं काम असेल असें आज कोणी समजत नाहीं. कुलकर्ण्यांचें वतन १९५० च्या, तर पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें गेली. नांव मात्र रक्ताबरोबर चालत राहिलें. सेवा सरली, मानाची अपेक्षा सरली नाहीं. फ्रान्सांतील शाम्पेन प्रांतीं याच्या नेमका उलट प्रकार घडलेला पाहून आम्हांस प्रश्न पडतो कीं, घराण्याचें नांव खरोखर कोणाचें?

१७८५ सालीं फ्लोरेन्स-लुई हाइडसिक यानें रँस शहरीं मद्याची पेढी काढली. त्याच्यामागें पुतण्याभाच्यांत वाटे पडले. ख्रिस्तियान नामक पुतण्या वारल्यावर त्याच्या विधवेनें पीपेर नांवाच्या भागीदाराशीं विवाह केला, आणि पेढी ‘पीपेर-हाइडसिक’ झाली. २०११ पासून ती देकूर कुटुंबाकडे आहे. म्हणजे रक्त केव्हांच पालटलें. तळघरांतील काम पालटलें नाहीं. (मद्य प्यावें कीं न प्यावें हा वाद निराळा, त्यांत आम्ही येथें शिरत नाहीं.) बाटलींत मद्य दुसऱ्यांदा आंबवावयाचें, निदान पंधरा महिने मुरवावयाचें, मग बाटलीचें तोंड खालीं करून ती थोडी थोडी फिरवीत गाळ बुचापाशीं आणावयाचा, आणि तो गोठवून उडवून द्यावयाचा. आजचा धनी विकतो तें मागल्यांनीं ठेवलेलें. तो ठेवील तें पुढचा विकील.

आमच्याकडे यासच दत्तक म्हणतात. १८४८ सालीं साताऱ्याचें दत्तविधान नाकारून इंग्रजांनीं राज्य खालसा केलें, तो अन्याय असें आपण आजवर म्हणत आलों. वारसा रक्तानें नव्हे, कर्तव्य पत्करल्यानें येतो, हें तेथें मान्य करावयाचें आणि आडनांवाची गोष्ट निघतांच विसरावयाचें, हें आम्हांस तरी समजत नाहीं.

आमच्याच पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवीं, श्यामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत याच पीपेर-हाइडसिकचें तांत्रिक साहाय्य घेऊन फेसाळ मद्य केलें, आणि ‘ओमर खय्याम’ या नांवानें तें परदेशीं गेलें. पुढें कंपनी कर्जांत बुडाली. रँसची पेढीही किती वेळां हातोहात गेली! तेथें प्रत्येक वेळीं कोणीतरी ती किल्ली घेऊन तळघरांत उतरला. नारायणगांवीं त्या नांवाला दत्तक घेणारा कोणी पुढें आला नाहीं.