मागितल्यावाचून मिळालेले

ज्येष्ठाच्या आरंभी, वळीव नुकताच पडून गेला असता, कर्नाळ्याच्या अरण्यात पिकल्या फळांनी लगडलेल्या एका वडाखाली हरियालांचा थवा उतरेल या आशेने मी दोन तास मान वर करून उभा होतो. हरियाल आले नाहीत. पण दहा हातांवर पाचोळा खसखसला, नजर खाली वळली, तो नवरंग! आखूड शेपटी खालीवर हलवीत तो एकेक ओले पान चोचीने उलथी व त्याखालचा किडा टिपी. आणि तो वाकला की पोटाखालचा कुंकवासारखा तांबडा रंग त्या काळपट मातीवर झळकून जाई.

या आनंदाला योगायोग म्हणून निकालात काढावे, की प्रसाद म्हणावे? माझ्या दोन तासांच्या तपश्चर्येचे ते फळ म्हणावे, तर मी तप आरंभिले होते दुसऱ्याच पक्ष्यासाठी. जे मागण्याचेही सुचले नव्हते ते ओंजळीत पडते, तेव्हा श्रद्धावंताला दात्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

तथापि, हा नजराणा खास माझ्यासाठीच होता असे मानण्यात सूक्ष्म अहंकार आहे. रानपिंगळ्याचा दाखला पाहावा. १८७३ साली शास्त्राच्या दफ्तरी नोंदला गेलेला हा पक्षी १८८४ नंतर जणू बेपत्ता झाला. १९१४ सालचा म्हणून मिरवलेला एक नमुना बनावट निघाला. आणि नष्ट झाला असेच बहुतेकांना वाटू लागले असता १९९७ साली शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, तो पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना भर दिवसा दिसला. मधली ११३ वर्षे तो त्या रानांत घरटी करीत होता, पिले वाढवीत होता; शास्त्रज्ञांच्या नोंदीवाचून त्याचे काहीएक अडले नव्हते.

सृष्टी आपल्या साक्षीसाठी खोळंबत नाही, आणि म्हणूनच तिच्या दरबारी क्षणभर हजर राहता येणे, एवढाच प्रसाद मला पुरेसा वाटतो. भागवतातील अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत कपोत आणि कुरर यांची गणना केली, ती आदराने पाहणाऱ्याला पक्षीही शिकवतो म्हणूनच. त्या सायंकाळी वहीत हरियालाच्या रकान्यात मी शून्य मांडले, नवरंगापुढे एक. आणि वही मिटण्यापूर्वी नकळत हात जोडले गेले.