पहाटेची वेचणी

चि. चिन्मय,

गोगलगायींनी काकडीचे कोवळे वेल रातोरात फस्त केले, झेंडूच्या रोपांचे नुसते देठ उरले, आणि आता दुकानातून विषारी गोळ्या आणून वाफ्यांत फेकतो, असं लिहिलंस. झाडांसाठी तुझा जीव तुटतो हे मला ठाऊक आहे रे राजा, काळजी वाटते ती फक्त घाईची. त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांना कुत्रीही तोंड लावतात आणि तुझा मोती तर दिसेल ते चाटणारा. शिवाय तुमच्या कुंपणात घुमणारा भारद्वाज गोगलगायी आवडीने खातो, असा बिनपगारी गडी कशाला गमवायचा?

ही मोठ्या शंखाची गोगलगाय मूळची आफ्रिकेतली. १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्याला कुणी हौसेने आणली आणि पुढे देशभर पसरली. हिच्यात नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येकच अंडी घालते, तीही एका खेपेला शंभरावर. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे सोयाबीनचे कोंब गोगलगायींनी खाल्ले, ते उगाच नाही.

तू असं कर. तिन्हीसांजेला जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याच्या कडेला पसर (नवा गूळ फोडू नकोस हो, डब्याच्या तळाशी चिकटलेला पुरतो) आणि उन्हं यायच्या आत, आईचा चहा व्हायच्या आधी ऊठ. गोणपाटाखाली सगळ्या गोळा झालेल्या असतील. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवूनच वेच, कारण त्यांच्यातला एक जंत पोटात गेला तर माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो. हात साबणाने धू आणि बागेतली पालेभाजीही नीट धुऊन घ्यायला आईला सांग. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या दाट पाण्यात टाक, मेल्या की खड्डा करून पूर, पण ते पाणी वाफ्यात ओतू नकोस, मिठाने माती बिघडते. कुंड्या उचलून खालची भुसभुशीत मातीही चाळव. साबुदाण्यासारखी पिवळसर अंडी दिसली की तिथेच चिरडून टाक.

पहिले काही दिवस बादली भरतच राहील, कंटाळू नकोस. पाऊस आहे तोवर रोज वेच, आणि शेजारच्या काकांनाही सोबत घे. त्यांच्या बागेतल्या गोगलगायी भिंत चढून तुझ्याकडेच येणार.

तुझी,
आजी