शेवट ठाऊक असताना

‘दृश्यम’ मी आधी मल्याळममध्ये पाहिला होता, सबटायटल्स वाचत. निशिकांत कामतांचा हिंदी ‘दृश्यम’ (२०१५) पाहिला तो बऱ्याच वर्षांनी, रायपूरला तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी, आत्याच्या शेजारी बसून. तिला कथा ठाऊक नव्हती, मला होती. (ज्यांना अजून ठाऊक नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण प्रेत कुठे पुरलंय ते मी पुढच्याच परिच्छेदात सांगणार आहे.)

जीतू जोसेफ यांच्या मूळ चित्रपटात (२०१३) अगदी आरंभी जॉर्जकुट्टी नव्या पोलीस ठाण्यात बसलेला दिसतो. पहिल्यांदा पाहताना तो नुसता ताटकळत बसलेला माणूस वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. सगळे शोधत असलेला मुलगा त्याच ठाण्याच्या जमिनीखाली आहे.

रहस्य आधी कळलं की मजा जाते, असं म्हणतात. छत्तीसगढात पंडवानी ऐकायला बसलेल्यांना दुःशासनाचं काय होणार हे ठाऊक असतंच, आणि तरी कुणी उठून जात नाही. तेव्हा मजेचा प्रश्न मला फारसा सतावत नाही. सतावतो तो वेगळाच. पहिल्या वेळी माझं सारं लक्ष एकाच काळजीत गुंतलं होतं: हे कुटुंब सापडेल का? दुसऱ्या वेळी ती काळजी उरली नाही आणि नजर मीरा देशमुखकडे गेली. त्या मुलाची आई. ती पोलीस अधिकारी आहे, तिच्या डोळ्यांदेखत लहान मुलीलाही मार बसतो, त्यामुळे तिच्यावर रागावणं सोपं जातं. पण तिला हवं असलेलं उत्तर आता माझ्याकडे होतं, आणि मी विजय साळगावकरच्या बाजूने गप्प बसले होते.

ही गप्प बसण्याची कला मला धंद्यामुळे अवगत आहे. इंग्रजी रहस्यकथा मराठीत आणताना पहिल्या पानापासून खुनी मला माहीत असतो. इंग्रजीत अंधारात ‘कुणीतरी’ येतं आणि क्रियापद काही बोलत नाही. मराठीत ‘आला’ किंवा ‘आली’ लिहिलं की निम्मे संशयित सुटले. मग मी लिहिते, ‘कुणीतरी दार उघडलं.’ क्रियापद दाराच्या लिंगाने चालतं, माणूस मागे लपतो. वाक्यात खोटं काही नाही. विजयही फार खोटं रचत नाही. पणजीची सहल खरी, हॉटेल खरं, सिनेमा खरा. तो फक्त तारीख सरकवतो. माझी लपवाछपवी वाचकाला तीनशे पानांनंतर फेडून मिळते. मीराला काय मिळतं?

आमच्या रायपूरचे हबीब तनवीर यांच्या ‘चरणदास चोर’मधला चोर खोटं न बोलण्याच्या व्रतापायी जीव गमावतो. विजय खोटं बोलून घर वाचवतो. मी दोघांसाठीही टाळ्या वाजवल्या आहेत, आणि दोन्ही वेळा मनापासून. हे कसं जमतं ते मला नीट सांगता येत नाही.

आत्याने मध्यंतरी एकदाच विचारलं, “त्या बाईला सांगतो का गं तो शेवटी?”

“बघ ना पुढे,” मी म्हटलं.

आत्याचा धाकटा दीर विशीत घरातून निघून गेला, तो परत आला नाही. तिच्या सासूबाई अखेरपर्यंत रात्री पुढच्या दाराला आतून कडी लावू देत नसत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. चित्रपट लावताना आठवलं नाही.

शेवटाकडे विजय त्या आईबापांना आडून आडून सांगतो, की तो मुलगा आता यायचा नाही. मग नवं ठाणं, ती जमीन. मी ओझरतं आत्याकडे पाहिलं. तिने चष्मा काढून पदराने पुसला.

“गेला एवढं सांगितलं,” ती म्हणाली. “कुठे ते नाहीच सांगितलं.”

आणि दाराची कडी लावायला उठली.