मासा मारता येतो, स्पर्धा खेळता येत नाही

बसा खाली. तांडेल, तुम्हीसुद्धा बसा. आज जे बोलणार आहे, ते सगळ्यांत आधी तुमच्यासाठी आहे.

काल निवतीच्या खडकांकडून परत आलात तेव्हा तिघंही खुशीत होतात. पाहुण्यांना मोठी सुरमई मिळाली, फोटो निघाले, पाठीवर थापा पडल्या. मी जेट्टीवर गप्प राहिलो, कारण पाहुण्यांसमोर खलाशांची लाज काढायची नसते. आज पाहुणे नाहीत, म्हणून स्पष्ट सांगतो. काल स्पर्धा असती, तर त्या सुरमईवर फुली पडली असती, आणि ती तुमच्यामुळे पडली असती.

काय झालं ते आठवा. मासा लागला, रॉड वाकला, पाहुणा गडबडला. तुमच्यातल्या एकाने रॉड त्याच्या हातातून ओढून घेतला, दोन हिसके दिले आणि मग परत दिला. मासा जवळ आल्यावर दुसऱ्याने लाइनच हाताने खेचायला सुरुवात केली. तांडेल सुकाणू सोडून मागे मजा बघायला आले. रोजच्या सफरीत याला कुणी नावं ठेवणार नाही. पाहुण्याला मासा हवा असतो, तो त्याला मिळाला. पण तुम्ही नाव नोंदवायला निघालात स्पर्धेत. तिथे यातली प्रत्येक गोष्ट गुन्हा आहे.

इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन 1939 सालची. गळाने मासेमारीच्या मोठ्या स्पर्धा बहुतेक तिचे नियम तरी घेतात, नाहीतर तिच्या नियमांवर आपले नियम बेततात. तिचा पहिला धडा असा की मासा लागल्या क्षणापासून तो बाहेर येईपर्यंत रॉड, रील आणि लाइन यांना पाहुण्याशिवाय कुणाचा हात लागता कामा नये. खलाशाला धरता येतो तो फक्त लीडर, म्हणजे गळाला जोडलेला लाइनचा मजबूत शेवटचा तुकडा, आणि तोही हाताच्या टप्प्यात आल्यावर. नियमांची ती पानं मी गणपतीआधी तुमच्या हातात दिली होती. कुणी वाचली? हात वर करा. एकही नाही. ती पानं केबिनमध्ये डिझेलच्या डब्याखाली सापडली मला.

तुमचं दुखणं कुठे आहे ते सांगतो. तुम्हाला समुद्र कळत नाही असं मी म्हणणार नाही. गाबिताच्या घरात जन्मलात. पाण्याचा रंग बघून तुम्हाला खडक कळतो, पक्षी कुठे घिरट्या घालतात यावरून मासा कळतो. पण हेच ज्ञान तुमच्या डोक्यात गेलं आहे. तुम्हाला वाटतं, ज्याला मासा मारता येतो त्याला स्पर्धा काय शिकवायची! अरे, पोटासाठी मासा मारताना एकच प्रश्न असतो, आला की गेला. स्पर्धेत आलेला मासासुद्धा कसा आला, केव्हा आला, कुणाच्या हाताने आला, हे विचारलं जातं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. दुसऱ्या प्रश्नांसाठी तेच हात आवरावे लागतात, आणि आवरण्याची सवय तुम्ही लावून घेतलेली नाही.

माझं खरं वाटत नसेल, तर अमेरिकेत काय घडलं ते ऐका. नॉर्थ कॅरोलिनात मोरहेड सिटीला बिग रॉक नावाची ब्लू मार्लिनची स्पर्धा होते. 2010 साली एका बोटीने 883 पौंडांचा, म्हणजे सुमारे 400 किलोंचा मार्लिन आणला. स्पर्धेच्या इतिहासात तोवर एवढा मोठा मासा आला नव्हता. बोटीवरच्या एका खलाशाकडे राज्याचा मासेमारी परवाना नव्हता. परवाना काढला तो मासा लागल्यानंतर. मासा बाद झाला आणि नऊ लाख डॉलरवरचं बक्षीस हातचं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं. परवान्याची किंमत किती, तर मोजके डॉलर. त्या खलाशाची मेहनत कमी होती का? ताकद कमी होती का? एक कागद कमी होता.

त्याच स्पर्धेत 2023 साली दुसऱ्या एका बोटीने शेवटच्या दिवशी सहा तासांहून जास्त झुंज देऊन 619.4 पौंडांचा मार्लिन काढला. काट्यावर चढल्यावर अंगावर शार्कच्या चाव्याच्या खुणा दिसल्या. नियम सांगतो, मासा हाती येण्याआधी शार्कने, दुसऱ्या कुठल्या माशाने किंवा बोटीच्या पंख्याने त्याचं मांस फाडलं असेल तर तो मासा बाद. सुमारे 35 लाख डॉलर हातचे गेले आणि पहिला नंबर 484.5 पौंडांचा मासा आणणाऱ्या बोटीला मिळाला. तुम्ही म्हणाल, शार्क चावला यात खलाशांचा काय दोष? त्या लोकांना मी दोष देत नाही. पण तुम्हाला विचारतो, माशाच्या अंगावर भोक दिसलं तर स्पर्धा संपली, हे काल तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? आणि पंखा तर तांडेलाच्याच हातात असतो ना? काल मासा बोटीच्या बुडाखाली गेला तेव्हा इंजिन गिअरमध्ये होतं. सुकाणूवर कुणी नव्हतं.

तिसरी गोष्ट मेरिलंडमधल्या ओशन सिटीची. तिथे 1974 पासून व्हाइट मार्लिन ओपन होते. 2016 साली 76.5 पौंडांच्या एका व्हाइट मार्लिनवर 28 लाख डॉलर लागले होते. ठरलेल्या वेळेआधी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आधी गळ पाण्यात गेले, असा संशय आला. पॉलिग्राफ चाचण्या झाल्या, प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि निकाल त्या बोटीविरुद्ध लागला. घड्याळ तुमच्या मनगटावर आहे तसं आयोजकांच्याही मनगटावर असतं. काल तुम्ही गळ केव्हा टाकला, हे तुमच्या वहीत लिहिलेलं नाही. वहीच नाही, तर लिहिणार कुठे!

आता तुमच्या आवडत्या हिसक्याकडे येतो. साध्या गरीला हिसका लागतो, हे खरं. सर्कल हुकला हिसका दिला की तो माशाच्या तोंडातून सरळ बाहेर येतो. त्याचं टोक आत वळलेलं असतं. मासा वळून जाऊ लागला आणि लाइन शांतपणे ताणत नेली, की तो जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. त्यामुळे मासा गळ पोटात गिळत नाही आणि सोडल्यावर जगण्याची शक्यता वाढते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मार्लिन आणि सेलफिशच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिषाबरोबर सर्कल हुकच लावायचा, असा कायदाच 2008 पासून आहे. काल ‘मार हिसका, मार हिसका’ असं पाहुण्याच्या कानाशी ओरडत होतात. दोन मासे सुटले ते त्याच्या हातून सुटले नाहीत, तुमच्या ओरडण्याने सुटले.

सामानाचं बोलू. लीडर किती लांब होता, विचारलं तर उत्तर आलं, ‘असेल सहा-सात वाव.’ वाव म्हणजे काय उत्तर झालं? 10 किलोंपर्यंतच्या लाइनला लीडर जास्तीत जास्त 4.57 मीटर आणि डबल लाइन, म्हणजे लीडरआधीची दुहेरी केलेली लाइन, धरून एकूण 6.10 मीटर. त्यावरच्या लाइनला लीडर 9.14 मीटर आणि एकूण 12.19 मीटर. गाफ, म्हणजे मासा आत ओढायचा आकडा, दांड्यासकट 2.44 मीटरच्या पुढे चालत नाही. तुमचा दांडा तीन मीटर भरतो, मी मोजला. मोजपट्टी बोटीवर हवी आणि प्रत्येक लीडर बांधल्यावर मोजायला हवा. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, अंगठ्याच्या अंदाजाने लावता. रॉड वाकवून स्प्रिंगचा काटा लावा. लाइन जेवढ्या वजनाला तुटते, त्याच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर सुरुवात करा. काट्याचा आकडा बघून लावलेला ड्रॅग पाहुणा कोणताही असो, सारखाच राहतो. अंदाजाने लावलेला ड्रॅग तुमच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतो.

आणि लीडर धरणाऱ्याला मी वेगळं सांगतो. ऐक नीट. काल तू लीडर मनगटाभोवती दोन वेढे घेऊन धरलास, हातमोजे नव्हते, आणि उरलेला लीडर तुझ्या पायात गुंडाळला होता. मोठा मासा अखेरच्या क्षणी खाली बुडी मारतो. अशा वेळी लीडरात अडकून माणसं बोटीवरून ओढली गेली आहेत, जिवानिशी गेली आहेत. वेढा तळहातावर घ्यायचा, आणि तोही असा की मूठ उघडली की सुटला पाहिजे. उरलेला लीडर पाण्यात किंवा मागे मोकळ्या जागी जायला हवा. कापायची सुरी हाताशी हवी. तुझी आई मला रस्त्यात भेटते. तिला तोंड दाखवायची मला लाज वाटेल असं काही तुझ्या आळसापायी घडू द्यायचं नाही. बक्षीस गेलं तर पुढच्या वर्षी मिळेल.

तांडेल, तुमची चूक सगळ्यांत मोठी, कारण बोट तुमच्या ताब्यात आहे. मासा लागला की इतर गळ आत घ्या, असं सांगायचं कुणी? तुम्ही. लाइन कोणत्या बाजूला चालली हे बघून बोटीचं तोंड फिरवायचं कुणी? तुम्ही. पाहुण्याला वेळोवेळी एकच सूचना द्यायची, एकाच आवाजात, तीही तुम्हीच. काल तिघंही एकाच वेळी ओरडत होतात. त्या माणसाने कुणाचं ऐकायचं? निघण्यापूर्वी दहा मिनिटं काढा. रॉड कसा धरायचा, तो खाली नेताना लाइन कशी गुंडाळायची, मासा पळाला तर रील का पकडायचं नाही, हे त्याला मानाने शिकवा. तो वर्षातून एकदा समुद्रावर येतो, म्हणून त्याला येडा समजू नका. स्पर्धेत नाव त्याचं लागतं. त्याचा हात जेवढा चांगला, तेवढीच तुमची बोट चांगली.

बऱ्याच स्पर्धांत आता मासा सोडून दिल्यावर गुण मिळतात. तिथे तुमचं काम मासा जिवंत परत पाठवणं हे असतं. त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही, डेकवर आपटायचं नाही. बोट हळू पुढे चालवून त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहू द्या आणि त्याने जोर धरला की सोडा. पुरावा म्हणून व्हिडिओ मागतील, मग कॅमेरा कोण धरणार हे आधी ठरवा. सुटलेला मासा वाया गेला असं तुमच्या मनात येतं, ते काढून टाका. ज्या समुद्राने तुमच्या आज्यापासून तुमच्यापर्यंत घर चालवलं, त्यात मोठा मासा परत जातो, यात हरण्यासारखं काय आहे?

मी एवढा चिडलो आहे, त्याला कारण आहे. तुमच्यासारखे हात आणि तुमच्यासारखी नजर मोठमोठ्या पैशांच्या बोटींवर विकत मिळत नाही. ते तुमच्याजवळ फुकट आहे आणि तुम्ही ‘चलता है’ म्हणून ते मातीत घालता. हे मला सहन होत नाही.

आता कामाला लागा. उद्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने नियमांची पानं वाचून, स्वतःच्या शब्दांत माझ्यासमोर सांगायची. दांडा कापून अख्खा गाफ 2.44 मीटरवर आणायचा. सगळे लीडर मोजून, जुनी लाइन काढून, ड्रॅग काट्यावर लावून वहीत आकडे लिहायचे. परवाने, बोटीची कागदपत्रं, लाइफ जॅकेट, रेडिओ, सगळं तांडेलांनी स्वतः तपासून सही करायची. परवा सकाळी जेट्टीवरच सराव. दोरीचं एक टोक पाहुण्याच्या रॉडला आणि दुसऱ्या टोकाला तुमच्यातला एक धावणारा. बाकीचे आपापल्या जागी. पाच वेळा करायचं आणि पाचही वेळा रॉडला, रीलला, लाइनला कुणाचा हात लागता कामा नये. एकदा जरी लागला, तर पहिल्यापासून मोजणी.

हे जमलं, तर तुमचं नाव नोंदवायला मी स्वतः येईन. नाही जमलं, तर प्रवेशाचे पैसे वाचवा आणि घरात द्या.