एका वेळी एकच

रात्री झोपताना फोन चार्जिंगच्या पॅडवर ठेवावा आणि सकाळी उचलून पाहावं, तर बॅटरी होती तिथेच. आता पुष्कळ घरांत ही सकाळ कधी ना कधी येते. कुणाला एमआयडीसीतली पहिली पाळी गाठायची असते, कुणाला भोकरदनची बस. मुलांचे डबे अर्धे भरलेले असतात. अशा घाईत तोंडून पहिलं वाक्य निघतं ते निकालाचंच. "चार्जर गेला." कुणी म्हणतं, "फोनच गेला." आणि घरात लहान मूल असेल, तर तिसरा निकालही तयार असतो, "तूच काहीतरी केलं असशील." अजून कुणी नीट पाहिलेलंही नसतं, आणि दोष मात्र वाटून झालेला असतो. खरं म्हणजे पुष्कळदा काहीच गेलेलं नसतं. मध्ये काहीतरी आलेलं असतं, किंवा फोन बोटभर बाजूला सरकलेला असतो. म्हणून आजच्या सकाळी जरा या फोनकडेच पाहू. तो कसा तपासायचा हे कळलं, की दिवसभरातल्या इतर अडचणींकडे पाहायची रीतही हाती लागेल.

वायर न लावता फोनमध्ये वीज जाते कशी, हे जालन्याच्या माणसाला सांगणं सोपं आहे. या शहराचा पोलादाचा धंदाच त्या तत्त्वावर उभा आहे. इथल्या पोलाद कारखान्यांत इंडक्शन भट्ट्या आहेत. भट्टीच्या मुशीभोवती तांब्याच्या नळीची वेटोळी असतात. ती तापू नयेत म्हणून नळीतून पाणी खेळवलेलं असतं. त्या वेटोळ्यांतून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडला, की मुशीतल्या भंगारात आपोआप वीज फिरू लागते. लोखंड तापतं, लाल होतं आणि 1500 अंशांच्या पुढे गेलं की वितळून पाणी होतं. त्याला वायर जोडलेली नसते, खाली जाळही नसतो. याच लोखंडाच्या पुढे सळया होतात आणि गावोगावच्या घरांच्या खांबांत जाऊन बसतात. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने हे तत्त्व 1831 मध्ये दाखवून दिलं. त्याआधीचे त्याचे प्रयत्न फसले होते. पण तो एकेक निरीक्षण वहीत टिपून ठेवणारा माणूस होता. काय जमलं तेही लिहायचा आणि काय जमलं नाही तेही. फोनच्या पॅडमध्ये घडतं ते हेच, फक्त अगदी लहान प्रमाणात. पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं एक चपटं वेटोळं असतं, फोनच्या पाठीत दुसरं. पहिल्यात तसाच दिशा बदलणारा प्रवाह सुरू झाला की दुसऱ्यात वीज जागी होते. मात्र दोघांत अंतर काही मिलिमीटरांचंच चालतं, आणि दोन्ही वेटोळी समोरासमोर यावी लागतात. एवढं लक्षात आलं, की फोन चार्ज का होत नाही याची निम्मी उत्तरं आपली आपल्यालाच सुचतात.

आता पाहायचं कसं? सोपं आणि फुकटचं आधी, खर्चाचं शेवटी. पहिला प्रश्न अगदी साधा आहे. या फोनमध्ये ही सोय आहे का? सगळ्याच फोनमध्ये ती नसते, कमी किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये तर नसतेच. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत 'क्यूआय'चा उल्लेख आहे का, ते पाहावं. ही वायरलेस चार्जिंगची जगभर चालणारी पद्धत आहे. सोय असेल, तर कव्हर काढून फोन पॅडवर ठेवून पाहावा. जाड कव्हरमुळे अंतर वाढतं आणि वीज पोहोचतच नाही. मग पाठीला धातूचं काही आहे का ते बघावं. बोटात अडकवायची अंगठी, गाडीतल्या स्टँडसाठी चिकटवलेली लोखंडी पट्टी, कव्हरच्या आत सरकवलेलं एटीएम कार्ड. भट्टीत मधला धातू तापवणं हेच काम असतं, पण इथे मध्ये आलेला धातू वीज खातो आणि तापतो. कार्डाचंही नुकसान होऊ शकतं. त्यानंतर फोन पॅडच्या मधोमध ठेवून थोडा वर-खाली सरकवून पाहावा. फोन जरा बाजूला ठेवण्याची चूक माणसांकडून इतकी होते, की 2023 मध्ये जाहीर झालेल्या नव्या 'क्यूआय 2' पद्धतीत फोन आपोआप नेमक्या जागी बसावा म्हणून लोहचुंबकच घातले आहेत. शेवटी पॅडच्या मागे बघावं. पॅडला जुन्या साध्या फोनचा अडॅप्टर किंवा टीव्हीची यूएसबी जोडलेली असेल, तर पॅडलाच पुरेशी वीज मिळत नसते. तो पुढे काय देणार?

एवढं करूनही चार्ज होत नसेल, तर फोन एकदा बंद करून चालू करावा आणि हात लावून तो तापलाय का ते बघावं. बहुतेक कंपन्या 35 अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरायला सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवलेला फोन चार्जिंग मंद करतो, कधी थांबवतोही. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून त्याची ही काळजी. काही फोन 80 टक्क्यांवर मुद्दाम थांबतात, तेही याचसाठी. पॅडचंही तसंच असतं. मध्ये नाणं किंवा किल्ली आली, तर चांगला पॅड ते ओळखतो, दिवा लुकलुकवतो आणि वीज बंद करतो. आपल्याला वाटतं, हा बंद पडला. प्रत्यक्षात तो राखण करत असतो. थांबलेली प्रत्येक गोष्ट बिघडलेली नसते, काही गोष्टी सांभाळण्यासाठी थांबतात. एक बाब मात्र वेगळी आहे. फोनची पाठ फुगली असेल किंवा स्क्रीन वर उचलली गेली असेल, तर कोणताच प्रयोग करू नये. चार्जिंग थांबवावं, फोन दाबू नये, उघडू नये आणि सरळ दुरुस्तीच्या जागी न्यावा. धीर धरायचा तो तपासण्यापुरता, धोक्यापुढे नाही.

या सगळ्यात जपण्यासारखी सवय एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत आपण कव्हर काढतो, अडॅप्टर बदलतो, फोन बंद-चालू करतो, पॅड दुसऱ्या खोलीत नेतो, आणि हे सगळं एका झटक्यात. फोन चार्ज होऊ लागतो. हायसं वाटतं. पण नेमकं काय अडलं होतं, ते कळलेलं नसतं. उद्या तेच पुन्हा अडतं, आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर उभे. याउलट फक्त कव्हर काढलं आणि चार्जिंग सुरू झालं, तर ते कायमचं कळलं. शेजारच्यांचा फोन आपल्या पॅडवर ठेवला आणि तो चार्ज झाला, तर पॅड आणि अडॅप्टर दोन्ही सुटले. आपला फोन केबल लावून चार्ज झाला, तर बॅटरीवरचा संशय फिटला. प्रत्येक वेळी एकेक जण निर्दोष ठरत जातो, आणि शेवटी जे उरतं तेच खरं कारण असतं. आपल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. विहिरीवरची मोटार पाणी उचलेना, तर तो लगेच मोटार उचलून दुकानात नेत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का ते बघतो. मग फ्यूज, मग स्टार्टर. मग पाइपात हवा धरलीय का, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का. मोटार सोडवून रिवायंडिंगला नेणं हा त्याच्या लेखी अगदी शेवटचा उपाय. उन्हात मोसंबीची बाग पाण्याची वाट पाहत असते, मनात घालमेल असते, तरी तो क्रम मोडत नाही. कारण क्रम मोडला तर वेळ वाचत नाही, उलट जास्तच जातो, हे त्याने अनुभवाने ओळखलेलं असतं.

हीच सवय माणसांपर्यंत नेली, तर घरातली कितीतरी दुखणी हलकी होतील. मुलाचे गुण घसरले, की त्याच आठवड्यात आपण शिकवणी बदलतो, मोबाइल काढून घेतो, पहाटे पाचला उठवायला लागतो आणि क्रिकेट बंद करतो. पुढच्या परीक्षेत गुण वाढलेच, तरी कशामुळे वाढले ते कळत नाही. खेळ मात्र विनाकारण गेलेला असतो. त्यापेक्षा एका संध्याकाळी शेजारी बसून एवढंच विचारावं, "वर्गात कुठल्या बाकावर बसतोस? फळ्यावरचं दिसतं का?" कदाचित उत्तर तिथेच असेल. घरातली आजी दोन दिवस नीट जेवत नसेल, तर "रुसल्या असतील" म्हणण्याआधी दात दुखतोय का हे विचारून पाहावं. सून गप्प असेल, तर तिच्या गप्पपणाचा अर्थ लावत बसण्याआधी तिची झोप झाली आहे का, तेवढं बघावं. कामावरचा जोडीदार उत्तर देत नसेल, तर त्याला निरोप पोहोचला का, हे आधी बघावं. माणसंही कधी कधी बिघडलेली नसतात, तापलेली असतात. थोडी सावली मिळाली की पूर्ववत होतात. बोलाचालीतही हेच. आजचा विषय आजच्यापुरता ठेवावा. एका गोष्टीवर बोलताना मागच्या दिवाळीची, त्याआधीच्या लग्नाची आणि बहिणीच्या बारशाचीही गोष्ट निघाली, की कशाचंच उत्तर मिळत नाही. एक गाठ धरली तर ती सुटते. सगळ्या एकदम ओढल्या तर आवळतात.

यात वेळ फार जातो असं वाटेल. तसा तो जात नाही. कव्हर काढून पाहायला अर्धं मिनिट लागतं, एक साधा प्रश्न विचारायला त्याहूनही कमी. वेळ जातो तो घाईने काढलेला निकाल मागे घेण्यात. नको असताना आणलेला नवा चार्जर, उगाच ओरडा खाल्लेलं मूल, मनाला लागून राहिलेला एखादा शब्द, हे भरून काढायला कितीतरी दिवस लागतात. आणि सावकाश पाहणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे घरातल्यांचा विश्वास. काही बिघडलं तर हा आधी ओरडणार नाही, आधी बघेल, अशी खात्री असली की मुलंही लपवत नाहीत. "बाबा, माझ्या हातून पडला फोन," असं ती स्वतःहून येऊन सांगतात. मग तपासायचं निम्मं काम तिथेच संपतं.

तेव्हा आज दिवसभरात काही अडलं, मग तो फोन असो, गाडी असो, कार्यालयातला कागद असो की जवळच्या माणसाचा मूड, तर एवढंच करून पाहावं. निकाल जरा मागे ठेवावा. जे नीट चालू आहे ते आधी ओळखावं. सर्वांत सोपी, फुकटची गोष्ट पहिल्यांदा तपासावी. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याने काय झालं ते थांबून पाहावं. गरज पडली तर जाणकाराकडे जाण्यात कमीपणा नाही. तेव्हाही "काय काय करून पाहिलं" हे आपल्याला सांगता येईल, आणि त्याचंही काम सोपं होईल. दोष कुणाचा, हे नंतरही ठरवता येतं. क्रमाने पाहत गेलं, तर पुष्कळदा ते ठरवण्याची गरजच उरत नाही.