उद्यापन नसलेलें व्रत

‘अखंड’ या शब्दाविषयीं आपल्या भाषेंत एक विशेष आदर आहे. अखंड नंदादीप, अखंड नामसप्ताह, अखंड सौभाग्य. ज्या गोष्टीस खंड नाहीं ती गोष्ट इतरांहून एक पायरी आपोआप वर चढते. नंदादीपांत रोज तेल घालणाऱ्या हाताचे श्रम कोणी मोजीत नाहीं, पण दिवा एकदां विझला कीं घरांतील वडील मंडळींच्या मनाला चुटपुट लागून राहते. हा आदर योग्य कीं अयोग्य, आणि योग्य असल्यास कोठपर्यंत योग्य, याचा विचार करण्यास आम्ही एक अगदीं लौकिक उदाहरण घेणार आहों. तें देवघरांतलें नाहीं, रस्त्यावरचें आहे.

एकही दिवस न चुकवितां रोज धांवावयाचें, असा नेम करणारे लोक इंग्लंड-अमेरिकेंत पुष्कळ आहेत, आणि आपल्या शहरांतूनही असे नेमकरी आतां दिसूं लागले आहेत. अमेरिकेंत तर अशा लोकांची नोंद ठेवणारी एक संस्थाच आहे. तिचा नियम सुटसुटीत आहे: प्रत्येक तारखेस निदान एक मैल, आणि तोही स्वतःच्या बळानें, धांवलें पाहिजे. थंडी, पाऊस, प्रवास, आजार यांपैकीं कोणतीही सबब तेथें चालत नाहीं.

या पंथाचा सर्वांत विख्यात पुरुष म्हणजे डॉ. रॉन हिल. १९३८ सालीं लँकेशायरमधील अ‍ॅक्रिंग्टन येथें यांचा जन्म झाला. कापडाच्या रसायनशास्त्रांत त्यांनीं डॉक्टरेट मिळविली होती. आणि धांवपटू म्हणून त्यांची योग्यता अशी, कीं १९६९ सालीं युरोपची आणि १९७० सालीं बोस्टनची व राष्ट्रकुलाची अशा तिन्ही मॅरेथॉन शर्यती त्यांनीं जिंकल्या. परंतु लोकांच्या स्मरणांत या विजयांइतकीच दुसरी एक गोष्ट राहिली आहे. डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षें व ३९ दिवस, ते रोज धांवले. १९९३ सालीं मोटारीच्या अपघातांत त्यांच्या छातीचें हाड मोडलें, तरी नेम मोडला नाहीं. पायाच्या आंगठ्याजवळ शस्त्रक्रिया झाली, तेव्हां कुबड्यांच्या आधारानें त्यांनीं आपला मैल पुरा केला.

हें ऐकतांच ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, “काय हा निग्रह!” दुसरा म्हणतो, “काय हा वेडेपणा!” आमच्या मतें दोघांसही बोलण्याची घाई झालेली असते.

पहिल्याची बाजू प्रथम पाहूं. अखंड नेमाचें खरें सामर्थ्य पायांत नसतें. तें मनाला एका कटकटींतून सोडविण्यांत असतें. ‘आठवड्यांतून पांच दिवस धांवेन’ असें ठरविणाऱ्या मनुष्यास रोज सकाळीं एक छोटासा खटला चालवावा लागतो: आजचा दिवस पांचांतला कीं दोहोंतला? या खटल्यांत वकीलही तोच, न्यायाधीशही तोच आणि आरोपीही तोच. मग निकाल बहुधा आरोपीच्या बाजूनें लागावा यांत नवल काय? अपवादाचें दार किलकिलें ठेवलें, कीं त्यांतून प्रथम ताप येतो, मग पाऊस येतो, आणि शेवटीं नुसता आळस येतो. अखंड नेम करणारा हें दारच बंद करतो. त्यास रोज ठरवावें लागत नाहीं, कारण तें एकदां ठरलेलें असतें. सद्गुण हे मनुष्याच्या अंगीं जन्मतः पूर्ण रूपानें नसतात, ते आचरणानें अंगीं बाणतात, असें अ‍ॅरिस्टॉटलचें मत प्रसिद्ध आहे. आणि पतंजलींनींही अभ्यास दृढ होण्यास दीर्घ काळ, आदर आणि सातत्य हीं तिन्ही लागतात असें सांगितलें आहे. एका मैलाची मर्यादाही शहाणपणाची आहे. ती इतकी लहान आहे कीं कोणासही जमावी. आणि रोजची आहे म्हणूनच ती मोठी होते.

आतां दुसरी बाजू. कुबड्यांवर पुरा केलेला मैल हें धांवणें म्हणावें काय? नियमाचें अक्षर राखलें गेलें असेल, पण त्यांतील अर्थ कोठें गेला? धांवणें हें शरीराच्या आरोग्यासाठीं, चित्ताच्या प्रसन्नतेसाठीं, किंवा शर्यतीच्या तयारीसाठीं असतें. मोडलेलें हाड विश्रांति मागत असतां जो धांवतो, तो यांपैकीं कशासाठीं धांवतो? तो धांवतो आंकड्यासाठीं. येथें नेमाच्या पोटांत एक सूक्ष्म पालट झालेला असतो. आरंभीं मनुष्य धांवावयास मिळावें म्हणून दिवस मोजीत असतो. पुढें पुढें दिवस मोजतां यावे म्हणून धांवूं लागतो. या दोहोंमधील सीमारेषा कोणत्या दिवशीं ओलांडली गेली हें त्यासही सांगतां येत नाहीं. पैशाचें असेंच होतें. संसारासाठीं पैसा जमविणारा मनुष्य एके दिवशीं पैशासाठीं संसाराची ओढाताण करूं लागतो, आणि तरीही आपण काटकसरीच आहों असें समजतो. शिवाय संचय जितका मोठा, तितकें त्याचें भय मोठें. दहा दिवसांचा नेम मोडला तर मनुष्य हंसून सोडून देतो. दहा वर्षांचा मोडण्याची वेळ आली कीं त्याची झोंप उडते. जी वस्तु आपणांस बळ देण्याकरितां आपण निर्माण केली, तिचेंच आपण भय बाळगूं लागतों.

यापुढें एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. हा नेम म्हणजे वचन आहे; पण कोणास दिलेलें? दुसऱ्यास दिलेल्या वचनांतून तो दुसरा आपणांस मोकळें करूं शकतो. स्वतःस दिलेल्या वचनांत मोकळें करणारा आणि मोकळा होणारा एकच. जो केवळ स्वतःशींच बांधलेला आहे तो बांधलेलाच नव्हे, कारण तो हवें तेव्हां आपली गांठ सोडूं शकतो, असा विचार हॉब्ज यानें १६५१ च्या ‘लेव्हायथन’ ग्रंथांत सार्वभौम सत्तेविषयीं लिहितांना मांडला आहे. तर्काला हें बिनतोड वाटतें, पण अनुभव त्यास साक्ष देत नाहीं. सकाळचा ‘मी’ आणि रात्रीचा ‘मी’ एकच असले तरी एकमेकांस चांगलेच ओळखून असतात. रात्रीं निश्चय करणाऱ्यास ठाऊक असतें, कीं सकाळचा गृहस्थ पांघरूण ओढून घेणारा आहे; म्हणून तो त्यास आधींच बांधून ठेवतो. तेव्हां स्वतःस दिलेलें वचन निरर्थक नाहीं. फक्त एवढेंच, कीं बांधणारा शहाणा असला पाहिजे. ज्यानें विशीच्या उमेदींत गांठ मारली, त्यास साठाव्या वर्षाचें हृदय कसें असेल याची काय कल्पना?

या ठिकाणीं आपल्या जुन्या लोकांचें व्यवहारज्ञान आम्हांस फार मोलाचें वाटतें. त्यांनीं नित्यकर्म सांगितलें, तें टाळल्यास दोषही सांगितला. परंतु त्याच वेळीं आपद्धर्मही सांगितला. सुतक आलें कीं घरच्या देवाची पूजा परक्या कुळांतील मनुष्यानें करावी अशी सोय ठेवली. देवही उपाशी राहिला नाहीं आणि शोकांत असलेल्या मनुष्यावर जुलूमही झाला नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे व्रताला त्यांनीं उद्यापन ठेवलें. सोळा सोमवार झाले, चातुर्मास संपला, कीं चार माणसें बोलावून, जेवूं घालून, व्रत सन्मानानें पुरें करावयाचें. व्रत मोडणें आणि व्रत पुरें होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत हें ज्या समाजानें ओळखलें, त्यानें मनुष्यस्वभाव ओळखला असें म्हणावयास हरकत नाहीं. रोज धांवण्याच्या नेमास उद्यापन नाहीं, हेंच त्यांतील मोठें वैगुण्य होय. तो संपतो तेव्हां मोडूनच संपतो.

परंतु असें म्हणतांना आम्हांस थांबावें लागतें, कारण डॉ. हिल यांच्या नेमाचा शेवट कसा झाला तें पाहिलें म्हणजे आमच्या विधानास मुरड घालणें भाग पडतें. जानेवारी २०१७ मध्यें, वयाच्या ७८ व्या वर्षीं, एके दिवशीं धांवण्यास निघाल्यावर थोड्याच अंतरावर त्यांच्या छातींत दुखूं लागलें. वेदना वाढत गेली. आपण येथेंच मरतों कीं काय असें त्यांस वाटलें. तरी तो मैल त्यांनीं कसाबसा पुरा केला. दुसऱ्या दिवशीं ते धांवले नाहींत. पत्नी, कुटुंब, मित्र आणि स्वतः आपण, यांचें आपण कांहीं देणें लागतों, असें कारण त्यांनीं जगास सांगितलें. २०२१ सालीं ते वारले.

५२ वर्षें ज्यानें मोडलेल्या हाडाचें ऐकलें नाहीं, त्यानें अखेर ऐकलें तें आपल्या माणसांचें. येथें आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें. नेम हा एकट्याचा असला तरी त्याचें ओझें एकटा वाहत नाहीं. धांवणारा रस्त्यावर असतो तेव्हां दाराशीं कोणी तरी घड्याळ पाहत असतें. त्याच्या छातीचें हाड मोडतें तेव्हां उशाशीं कोणी तरी जागत असतें. स्वतःस दिलेल्या वचनांतून स्वतःस मोकळें करण्याचा अधिकार मनुष्यास सहजासहजीं घेतां येऊं नये, हें खरें. तो घेतला कीं आळसास राज्य मिळतें. पण ज्यांच्या जिवावर तो नेम चालतो, त्यांस तो अधिकार अवश्य असावा.

तत्त्वज्ञ कॅन्ट हा आपल्या ठराविक वेळेच्या फेरफटक्याबद्दल प्रसिद्ध होता. रूसोचा ‘एमील’ हा ग्रंथ वाचण्यांत गढून गेल्यामुळें त्याची फेरी चुकली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, लोकांनीं ती आवडीनें जतन केली आहे. न चुकलेल्या हजारों फेऱ्यांमुळें त्यास शिस्तीचा मनुष्य म्हणतात. चुकलेल्या एकीमुळें त्यास मनुष्य म्हणतात. नेम घट्ट असावा, इतका घट्ट कीं पावसानें, कंटाळ्यानें वा लोकांच्या हंसण्यानें तो हलूं नये. पण नेमाहून मोठें असें कांहीं दाराशीं येऊन उभें राहिलें, तर त्यास ओळखण्याइतकी जाग त्यांत असावी. ही जाग ज्यास राखतां आली, त्याच्या नेमाचें उद्यापन त्या दिवशींच झालें, मग ब्राह्मणभोजन झालें असो वा नसो.